मोजून देतोय तरी आमच्या कुत्रीचं, बुंदीचं वजन परत परत वाढतंय – कुठे कुठे गळत होतं ते

ज्यांच्याकडे स्पिट्झ, पग, शिह त्झू, डॅशहाउंड असलं छोटं कुत्रं आहे आणि दर दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांच्या काट्यावर ठेवलं की "अहो परत वाढलंय हिचं" असं ऐकून मान खाली घालून घरी यावं लागतं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे हे जवळजवळ दीड वर्ष चाललं. वजन कमी व्हायचं, आम्ही खूश, मग दोन महिन्यांत परत जागेवर. दरवेळी आम्ही काय करायचो तर पाकीट बदलायचो. महागातलं आणलं, मग त्याहून महागातलं, मग ग्रेन-फ्री (धान्य नसलेलं), मग लाइट वालं. पाकिटाचा दोष नव्हताच, हे कळायला फार वेळ लागला.

आमची बुंदी ६ वर्षांची, नसबंदी झालेली, पांढरी. पॉमेरियन म्हणून आणली होती पण डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले की ही आपली इंडियन स्पिट्झ आहे, इथे सगळे तिलाच पॉमेरियन म्हणतात. हे मुद्दाम सांगतेय कारण मी घरी येऊन पॉमेरियनचं आदर्श वजन शोधलं तर दीड ते सव्वातीन किलो निघालं आणि आमची तेव्हा ७.९! मला वाटलं आता हिचं काही खरं नाही. तर तसं नसतं, स्पिट्झ मुळातच मोठी असते, पाच-सात किलो सहज. त्यामुळे जातीच्या नावाने वजन शोधू नका, समोरच्या कुत्र्याला हात लावून बघा आणि टार्गेट वजन डॉक्टरांनाच विचारा. आम्हाला ६ किलो सांगितलं.

हात लावून म्हणजे कसं ते सांगते, कारण एवढ्या केसांच्या कुत्र्यात नुसतं बघून काहीच कळत नाही, आम्ही सगळे "केस आहेत हो ते" म्हणत होतो. आपला हात टेबलावर पालथा ठेवा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या मागची हाडं चाचपा, थोडा मांसाचा थर पण हाडं लगेच लागतात, कुत्र्याच्या बरगड्या अशा लागायला हव्यात. मूठ वळून वरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवा, तशा टोचायला लागल्या तर हडकुळं. आणि हात उलटा करून तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबून बघा, दाबावं लागतं तेव्हा कुठे हाड सापडतं, तशा लागल्या तर जाड. बुंदीच्या बरगड्या शोधायला मला दाबावं लागलं. दुसरा पुरावा आंघोळीच्या वेळी, ओली झाली की कंबर दिसायला हवी, आमची पिंपासारखी सरळ होती.

आधी एक गोष्ट मात्र करून घ्या. डॉक्टरांकडून एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल किंवा कुशिंग्ज (शरीरात कॉर्टिसोल हार्मोन जास्त होण्याचा आजार) असेल किंवा खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर वजन वाढतंच, स्टेरॉइडने तर भूक अशी लागते की कचऱ्याचा डबा उघडतात. आमचे रिपोर्ट स्वच्छ आले. म्हणजे दोष घरातच होता.

पहिली गळती: वाटी

आम्ही "मोजून" देत होतो म्हणजे काय तर एक स्टीलची वाटी होती, ती भरून सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वाटीत पन्नास ग्रॅम बसतं असं माझ्या डोक्यात कुठून आलं माहीत नाही. शेवटी नवऱ्याने केकसाठी आणलेला डिजिटल वजनकाटा काढला आणि घरातल्या पाच जणांना सांगितलं की नेहमी भरता तशी वाटी भरा. ५८, ७१, ६६, ७४, ६२. एकाही वाटीत पन्नास नाही! ७४ वाली बाबांची (सासरे), कारण ते वाटी भरून वर बोटाने थोडं दाबतात, साखर भरल्यासारखं. सरासरी ६६, म्हणजे दिवसाला १३२ ग्रॅम, आणि आमच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ३७० किलोकॅलरी लिहिलंय, म्हणजे झाल्या ४९० च्या आसपास. वरचं खाणं वेगळं.

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत दहा-पंधरा ग्रॅम इकडेतिकडे झाले तर खपून जातं, लॅब्रॅडॉरला काय फरक पडतो. सहा किलोच्या कुत्र्याला पंधरा ग्रॅम म्हणजे दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा. त्यामुळे कप नको, वाटी नको, पाकिटाबरोबर फुकट येतो तो मापाचा चमचाही नको. काटाच. आणि अजून एक, पाकिटामागचा तक्ता नीट वाचा, त्यात लिहिलेलं माप पूर्ण दिवसाचं असतं, एका वेळेचं नाही. माझ्या मावसबहिणीने सहा महिने ते एका वेळेचं समजून दोनदा दिलं, तिचा पग आता उशीसारखा दिसतो. शिवाय तक्त्यात वजन बघताना आज आहे ते वजन धरलं तर जाडं कुत्रं जाडच राहणार, टार्गेट वजन धरायचं.

हिशोब

मला गणित आवडत नाही तरी हे सोपं आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. टार्गेट वजन घ्या, ते तीनदा गुणा (६ × ६ × ६ = २१६), मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा (आधी १४.७, मग ३.८३) आणि त्याला ७० ने गुणा. आले २६८. इतक्या किलोकॅलरी नुसतं श्वास घेऊन पडून राहायला लागतात. नसबंदी झालेल्या, वजन ठीक असलेल्या, वयाने मोठ्या कुत्र्यासाठी याला साधारण १.६ ने गुणतात पण फ्लॅटमधल्या आळशी कुत्र्यांना तेवढंही जास्त होतं, आणि वजन उतरवायचं असेल तर टार्गेट वजनाचा हा २६८ वाला आकडाच धरतात. आमच्या डॉक्टरांनी पण हाच धरला. पण हे पिल्लांसाठी नाही हं, पोटुशी किंवा दूध पाजणारी असेल तिच्यासाठी नाही, आणि डायबिटीस, किडनी असलं काही असेल तर अजिबात नाही.

आता त्या २६८ मधले दहा टक्के, म्हणजे २७, वरच्या खाऊसाठी ठेवायचे. उरले २४१. भागिले ३.७. पासष्ट ग्रॅम. दिवसाला. आम्ही १३२ देत होतो.

पाकिटावर कॅलरी छापलेल्या नसतील (बऱ्याच पाकिटांवर नसतात) तर अंदाज काढता येतो. प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर यांचे टक्के लिहिलेले असतात, राख (म्हणजे खनिजं) लिहिली नसेल तर ७ धरा, हे सगळं १०० मधून वजा केलं की उरतं ते पीठ-स्टार्च. प्रोटीन आणि स्टार्चला प्रत्येकी ३.५ ने गुणा, फॅटला ८.५ ने. समजा प्रोटीन २५, फॅट १४, फायबर ४, पाणी १०, राख ७, तर स्टार्च ४०. पासष्ट गुणिले साडेतीन २२७, अधिक ११९, म्हणजे १०० ग्रॅमला साधारण ३४६. मॅक्सिमम-मिनिमम लिहिलेलं असतं म्हणून अगदी तंतोतंत येत नाही पण वाटीपेक्षा शंभर पटीने बरं.

दुसरी गळती: घरातली माणसं

पासष्ट ग्रॅम सुरू केल्यावर ७.९ वरून ७.४ झाली आणि तिथून परत वर. ७.५, ७.६, ७.८. मी काट्याला दोष दिला, पाकिटाला दिला, पावसाला दिला (डोंबिवलीत पावसाळ्यात खाली फिरवायचं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको). मग मुलाने फ्रिजवर एक कागद लावला आणि सगळ्यांना शप्पथ घातली की आठवडाभर बुंदीच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं, कोणी कोणाला ओरडायचं नाही. ओरडायचं नाही ही अट फार महत्त्वाची, नाहीतर कोणी खरं लिहीत नाही.

निघालं काय? बाबा सकाळच्या चहाबरोबर दोन ग्लुकोज बिस्किटं, "अर्धं अर्धं देतो गं", हो पण चार वेळा अर्धं. आई (सासूबाई) पोळ्या करताना तुपाच्या पोळीचा चतकोर, कारण पहिली पोळी कुत्र्याची असं त्यांच्या माहेरी होतं. मुलगा स्वतः डब्यातला पनीरचा तुकडा. स्वयंपाकाच्या मावशी साय काढल्यावर भांडं खाली ठेवतात. आणि मी, जी सगळ्यांना लेक्चर देते, मी रात्री वरणभात कालवताना तूप लागलेलं बोट चाटवते, ते मी पहिल्या दोन दिवशी लिहिलंच नव्हतं.

बेरीज केली तर रोजच्या दीडशे-पावणेदोनशे कॅलरी. म्हणजे काट्यावर ग्रॅमग्रॅमने मोजलेल्या जेवणाच्या दोन तृतीयांश. बाबांना हे पटेना, "एका बिस्किटाने काय होतं?" मग मी असं सांगितलं: एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात साधारण २३ कॅलरी, बुंदीचा दिवस २६८ चा, आपला धरा २००० चा. तिने एक बिस्किट खाणं म्हणजे तुम्ही सात-आठ खाणं. आणि तुम्ही तिला दोन देता. बाबा काही बोलले नाहीत पण बशीत बघत बसले.

डबा

ज्याने खरंच फरक पडला ती गोष्ट ही. रोज सकाळी मी काट्यावर पासष्ट ग्रॅम मोजून एका छोट्या प्लास्टिकच्या डब्यात भरते, मुलाने त्यावर मार्करने "बुंदी – आज" लिहिलंय. तिच्या तोंडात जे जाईल ते या डब्यातून. जेवणही त्यातून आणि लाडही त्यातूनच. बाबांना चहाबरोबर द्यायचंय ना, द्या, चार दाणे डब्यातून घ्या. आईंची पहिली पोळी? पोळीच्या आकाराचे नाहीत पण सहा दाणे. डबा रिकामा झाला की दिवस संपला. कोणाला "देऊ नका" म्हणावं लागत नाही, आणि मला वाटतं इथेच आधीचे सगळे प्रयत्न फसत होते, कारण घरातल्या म्हाताऱ्या माणसांना कुत्र्याला द्यायचा आनंद हवा असतो, काय देतोय याच्याशी त्यांना फारसं घेणं नसतं. बुंदीलाही नसतं. ती दाणा असा घेते जणू पेढा आहे.

उरलेल्या २७ कॅलरींचा खाऊ वेगळ्या छोट्या डबीत: उकडलेली फरसबी, काकडी, गाजराचे तुकडे, लाल भोपळा, सगळं मीठ-तेलाशिवाय. तीस ग्रॅम फरसबीत दहाच्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे भरपूर तुकडे होतात, आणि जेवणात मिसळली की वाडगा भरल्यासारखा दिसतो. तिच्यापेक्षा आईंना त्याचं समाधान जास्त. एखाद्या रविवारी उकडलेलं अंडं असेल तर अर्ध्या अंड्याच्या ३५-४० होतात, मग त्या दिवशी डब्यातले दहा-अकरा ग्रॅम कमी करायचे, दहा-अकरा दाणे नव्हे. हा गोंधळ आमच्याकडे झालाय म्हणून मुद्दाम सांगितलं.

तिसरी गळती: सकाळची पिवळी उलटी

हे कुणी सांगितलं नव्हतं. खाणं कमी केल्यावर आठवड्यात दोनदा पहाटे पिवळा फेस ओकली. घरात हाहाकार, "उपाशी मारतेस तिला", आणि लगेच तोंडात बिस्किट, दूधभात, जे हाताला लागेल ते. दर वेळी डाएट इथेच मोडायचं! डॉक्टर म्हणाले रात्री सातला शेवटचं खाणं आणि सकाळी आठला पुढचं, तेरा तास पोट रिकामं, पित्त वर येतं, छोट्या कुत्र्यांत दिसतं हे. उपाय फुकटचा: तेच पासष्ट ग्रॅम, पण दोनाऐवजी तीन वेळा. सकाळी २५, संध्याकाळी २५, आणि झोपायच्या आधी साडेदहाला १५. उलट्या थांबल्या. पण वारंवार उलटी, रक्त, मलूल पडणं, पुढचे पाय जमिनीला टेकून ढुंगण वर करून ताणून उभं राहणं असं काही दिसलं तर खाणं वाटत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा, ते पॅन्क्रियाज सुजल्याचं असू शकतं. दिवाळीत चकल्या-शंकरपाळे, किंवा मटणाची चरबी खाल्ल्यावर हे होतं, छोट्या जातींमध्ये जास्त.

आणि तीन-चार महिन्यांचं बारकं पिल्लू असेल तर वरचं सगळं विसरा. त्यांची साखर पटकन उतरते, थरथरायला लागतात, लडखडतात. त्यांना दिवसातून चार वेळा द्यायचं आणि उपास अजिबात नाही.

"ही ड्रायफूड खातच नाही"

हे सगळ्यात जास्त ऐकू येतं, आणि याची दोन-तीन वेगवेगळी कारणं असतात, सगळ्याला "नखरे" म्हणून मोकळं होऊ नका.

आमचं कारण मजेशीर निघालं. नवीन पिशवी उघडली की पहिला महिना बुंदी वाडगा चाटूनपुसून खायची, दुसऱ्या महिन्यात वास घेऊन निघून जायची, मग आम्ही म्हणायचो कंटाळली आणि ब्रँड बदलायचो, मग परत एक महिना छान, परत तेच. चार वेळा झालं हे. कारण स्वस्त पडते म्हणून मी दहा किलोची पिशवी आणायचे. पासष्ट ग्रॅमने दहा किलो म्हणजे पाच महिने! उघडल्यावर दीड महिन्याच्या आसपास संपवायला हवं, नाहीतर त्यातलं तेल खवट होतं, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर आणखी लवकर. आपल्याला वास येत नाही, त्यांना येतो. आता तीन किलोच्या वर आणत नाही. आणि दाणे डब्यात ओतायचे नाहीत, पिशवी तशीच तोंड दुमडून, क्लिप लावून हवाबंद डब्यात ठेवायची, कारण डब्याच्या कडांना जुनं तेल राहतं ते नव्या मालाला लागतं. (बॅच नंबर आणि तारीख पण पिशवीवरच राहते.)

दुसरं कारण दात. छोट्या तोंडात बेचाळीस दात दाटीवाटीने, टार्टर लवकर धरतं, आणि दुखत असेल तर कडक दाणा सोडतात पण मऊ चिकन खातात. त्यावरून आपण निष्कर्ष काढतो की लाडावलीये. ओठ उचलून बघा, मागच्या दाढांवर तपकिरी थर, तोंडाला घाण वास, एका बाजूने चावणं असेल तर आधी दात.

तिसरं कारण मात्र आपणच शिकवलेलं असतं. वाडगा ठेवला, खाल्लं नाही, अर्ध्या तासाने जीव खालीवर होऊन वर चिकनचा रस्सा ओतला. कुत्रं काय शिकलं? थांबलं की रस्सा येतो. वाडगा पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा, नाही खाल्लं तर उचलायचा, पुढच्या वेळेला तेवढंच. निरोगी मोठं कुत्रं एखादं जेवण सोडून मरत नाही. फक्त चोवीस तास काहीच खाल्लं नाही, किंवा पाणीही सोडलं, किंवा पिल्लू असेल, तर तो रुसवा नसतो. कोमट पाणी दोन चमचे शिंपडलं की वास सुटतो, ते चालतं, त्यात कॅलरी नाहीत.

घरचं की पाकिटातलं

यावर लोक हमरीतुमरीवर येतात म्हणून माझं मत थोडक्यात. घरचं वाईट नाही, पण नुसतं चिकन-भात किंवा नुसतं दहीभात म्हणजे घरचं पूर्ण अन्न नव्हे. हाडाशिवाय मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, भातातही नाही, त्याशिवाय झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन डी, ई हे सगळं कमी पडतं. दोन-चार दिवस पोट बिघडलंय म्हणून दिलं तर काही नाही, पण वर्षभर तेच दिलं तर हाडांतून कॅल्शियम निघायला लागतं, वाढत्या पिल्लाचं तर फार वाईट होतं. घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून सप्लिमेंटसकट रेसिपी ग्रॅममध्ये लिहून घ्या, आणि मग तीच करा, "आज गाजर नव्हतं म्हणून बटाटा टाकला" नको. आमच्याकडे तेवढी शिस्त नाही, म्हणून पाकीट.

पाकीट निवडताना मी आता समोरचे फोटो (कोकराचं मांस, ब्लूबेरी, सूर्योदय) बघत नाही. मागे "कम्प्लीट अँड बॅलन्स्ड" आणि कुठल्या वयासाठी ते लिहिलंय का बघते, एएएफसीओ किंवा फेडियाफचा (पाळीव प्राण्यांच्या खाण्याचे निकष देणाऱ्या अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या संस्था) उल्लेख आहे का बघते, कॅलरी छापल्यात का बघते. "कॉम्प्लिमेंटरी" लिहिलेलं असेल तर ते पूर्ण जेवण नाही, खाऊ आहे, ओल्या पाऊचमध्ये हे खूपदा असतं. आणि ओलं-सुकं यांचे प्रोटीनचे टक्के सरळ एकमेकांशी लावायचे नाहीत, पाऊचवर ८ टक्के बघून मी नाक मुरडलं होतं, पण त्यात ८० टक्के पाणी, पाणी काढलं तर ८ भागिले २० म्हणजे ४० टक्के. आणि सुक्यातले २६, दहा टक्के पाणी काढून, २९. ग्रेन-फ्रीचं वेड आम्हीही केलं. कुत्र्यांना भात-गहू पचतो, अ‍ॅलर्जी असली तर ती बहुतेक वेळा चिकन, बीफ, दुधाची निघते, आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डाळी-वाटाणे भरपूर असलेल्या ग्रेन-फ्री खाण्याचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का याची चौकशी सुरू केली होती. पक्कं काही ठरलं नाही, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मी जास्तीचे पैसे त्यावर घालणार नाही.

पाकीट बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवस घ्या, पाव नवं, मग अर्धं, मग पाऊण. आम्ही दर वेळी रातोरात बदलायचो आणि मग जुलाब, मग त्यावर दहीभात, मग दहीभाताची चटक.

ताटातलं न देण्याचं अजून एक कारण कॅलरीच्या पलीकडचं आहे. आपल्या बहुतेक भाज्यांत, रश्श्यात कांदा-लसूण, तो शिजवला तरी चालत नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटतात. द्राक्षं, मनुका, बेदाणे किडनी घालवू शकतात, किती खाल्ले तर होतं याचा नेम नाही, आणि आपल्या शिऱ्यात, प्रसादात, लाडवात तेच असतं. चॉकलेट. शुगर-फ्री गोळ्या-च्युइंगममधलं झायलिटॉल. शिजवलेली हाडं. पाच-सहा किलोच्या जीवाला यातलं थोडंसंही पुष्कळ होतं. खाल्लं असं दिसलं तर लक्षणांची वाट बघत बसायचं नाही, आणि मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला जायचं नाही.

वजन मोजायचं कशावर

हा छोटा मुद्दा वाटतो पण यामुळे आम्ही दोनदा हताश होऊन सोडून दिलं होतं. आठवड्याला एक ते दोन टक्के उतरलं की पुष्कळ, म्हणजे बुंदीचे ८० ते १६० ग्रॅम. आणि आम्ही काय करायचो, तिला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं. तो काटा शंभर-दोनशे ग्रॅम सहज इकडेतिकडे दाखवतो. म्हणजे दोन आठवड्यांची मेहनत काट्याच्या चुकीतच गडप!

डॉक्टरांचा काटा उत्तम, पण तिथे नेलं की ती थरथरते आणि आकडा स्थिर होत नाही. शेवटी उपाय सापडला तो रद्दीवाल्याकडे. त्याचा तो लटकवायचा डिजिटल काटा असतो ना, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. जाड कापडी पिशवीत बुंदीला बसवलं, तोंड बाहेर, मी खालून हात धरून, तीन सेकंदांत आकडा. आधी रिकाम्या पिशवीचं वजन करून घेतलं. पहिल्यांदा रद्दीवाला म्हणाला, "ताई, याला भाव काय लावू?" आता दर दुसऱ्या रविवारी तो खाली आला की मुलगा तिला घेऊन पळतो आणि आकडा फ्रिजवरच्या कागदावर चढतो. नेहमी तोच काटा, तीच पिशवी, सकाळी खायच्या आधी. काटा बरोबर आहे की नाही यापेक्षा दर वेळी एकच आहे हे महत्त्वाचं.

जानेवारीत डबा सुरू केला तेव्हा ७.८ होती. मार्चअखेरीस ७.१, मेमध्ये ६.६, जूनमध्ये ६.३. जिना चढताना मागचा डावा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारायची (गुडघ्याची वाटी सरकते, या जातींत असतं), ते पूर्ण गेलं नाही पण फार कमी झालंय, आणि उत्साहात भुंकताना जो ठसका लागायचा तो बराच थांबला.

पण गेले तीन आठवडे ६.३ वर अडकलीये. डबा तोच, काटा तोच, फ्रिजवरच्या कागदावर कोणाची लबाडी नाही, बाबांची तर मी बिस्किटं मोजली. काल संध्याकाळी दार थोडं उघडं राहिलं तर ही बाहेर पडली, जिन्याकडे गेलीच नाही, सरळ समोरच्या दारापाशी जाऊन बसली आणि पंजाने दोनदा दार खाजवलं. समोरच्या आजींनी दार उघडलं, हातात टोस्ट तयार. मला बघून म्हणाल्या, "अगं रोज येते बिचारी, तू काही देत नाहीस का तिला?"

आज सकाळी त्यांनाही एक डबी नेऊन दिली. आठ दाणे.